लुभचोखऱ्याची ओळ

एका बाजारगावात एक पंतोजी होते. त्यांच्याकडे शिकलेली मुले पुढे बाजारात बसून लोकांची पत्रे लिहीत. त्यामुळे गावांची नावे बिनचूक लिहिण्यावर पंतोजींचा फार कटाक्ष. एक अक्षर इकडचे तिकडे झाले, तर आईचा निरोप लेकीऐवजी भलत्याच गावाला जायचा.

अवघड नाव आले, की पंतोजी त्यातल्या अक्षरांवरून शब्द जोडत आणि ती ओळ मुलांकडून घोकून घेत. सगळ्यांत अडेल नाव होते लुभचोखरे. मुले काही केल्या चो आधी लिहीत आणि भ मागून. एके दिवशी पंतोजी वैतागून म्हणाले, "लिहा, लुच्चे, भामटे, चोर खरे!"

वर्ग पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी एकाही पाटीवर चूक नव्हती. पंतोजी खूश.

लुभचोखऱ्याची एकच मुलगी त्या वर्गात होती. तिची आई बाजारात तूप विकायची. आठवड्याभराने शाळा सुटल्यावर ती मागे थांबली.

"पंतोजी, ती ओळ बदला ना. बाजारात लोक आईला म्हणून दाखवतात."

"अगं, गंमत आहे ती! आणि नाव बघ कसं पक्कं बसलं सगळ्यांना."

"मग तुमच्या गावाचीही करा अशी एक."

"आमच्या गावाचं नाव सोपं आहे, बाळ. त्याला युक्ती लागत नाही."

दुसरी ओळ करायला त्यांना घटकाभरही वेळ लागला नसता. पण चाललेली युक्ती कोण मोडतो?

ओळ शाळेबाहेर पडली. लोक लुभचोखऱ्याचे तूप दोनदा हुंगू लागले, नाक मुरडू लागले. मुलीची आई भरलेले मडके तसेच परत नेऊ लागली. मग मुलगी शाळेत यायची थांबली. पंतोजींनी साधी चौकशीही केली नाही.

वर्षे गेली. एकदा पंतोजी ओट्यावर बसले असताना, अजून अक्षरओळखही नसलेले एक पोर उड्या मारत तीच ओळ म्हणत गेले. ओळीतली शिवी तेवढी उरली आहे, हे म्हाताऱ्याला तेव्हा कळले. त्यांनी त्याच बैठकीत नवी ओळ केली आणि काठी टेकत लुभचोखऱ्याची वाट धरली.

वेशीच्या दगडावरचे नाव कुणीतरी छिन्नीने खरवडून काढले होते. पहिल्याच घरात एक बाई ताक घुसळत होती. तिने त्यांना ओळखले. गूळपाणी दिले. तीच ती मुलगी.

पंतोजी म्हणाले, "पोरी, चुकलो मी. नवी ओळ आणलीय. लुगडं भरजरी, चोख रेशमी."

"छान आहे," ती म्हणाली. "तेव्हा केली असतीत, तर आईनंही ऐकली असती."

"मी शिकवतो सगळ्यांना. घरोघरी जाऊन शिकवतो."

"नका दगदग करू, पंतोजी. आम्ही गावाचं नावच बदललं." तिने पुन्हा रवी हातात घेतली. "नवं सोपं आहे. त्याला युक्ती लागत नाही."

तात्पर्य: लक्षात ठेवायच्या युक्त्या पुष्कळ आहेत, विसरायची एकही नाही; म्हणून आपली गंमत कुणाला टोचते आहे असे कळले, की ती त्याच दिवशी मागे घ्यावी.