सगूची चानकी

बसा खाली. मांडी घाला. गोष्ट सुरू झाली की कुणी पाणी मागायचं नाही.

एक होती सगू. अगदी एवढीशी. रांजणाआड उभी राहिली, तर दिसायची नाही.

त्या दिवशी घरातलं पीठ संपलं. आईनं डबा उपडा केला. ठक ठक. डबा झाडला. मूठभर पीठ निघालं. तेवढ्याची आईनं चानकी केली. चानकी म्हणजे एवढ्याशा पोरीची एवढीशी भाकरी. तळहातावर मावते.

चानकी गरम होती. सगूनं ती उंबऱ्यावर ठेवली. फू फू केलं. तेवढ्यात आलं करडू. बें. उचलली चानकी. कुरुम कुरुम. संपली.

सगूनं भोकाड पसरलं का? नाही पसरलं. खालचा ओठ बाहेर काढला. तोही आत घेतला. आणि निघाली आईकडं. दुडूदुडू दुडूदुडू.

"आई आई, चानकी दे. माझी करडानं खाल्ली."

"भाकरी उंबऱ्यावर ठेवतं का कुणी?" आई म्हणाली. "आता कुठली चानकी? पीठ नाही. दळण गिरणीत पडलंय. दादा दळण आणील, तर चानकी. नाही तर नाही."

सगू निघाली. दुडूदुडू दुडूदुडू.

दादा अंगणात बसला होता. सायकलकडं बघत होता. सायकल काही त्याच्याकडं बघत नव्हती.

"दादा दादा, दळण आण.
दळण आईला. आई चानकी करील.
चानकी मला. मी मटामटा खाईन."

"चाकात हवा नाही," दादा म्हणाला. "दाबून बघ. कसं मऊ लागतंय. गिरणी वेशीपल्याड. डबा जड. मी काय डोक्यावर आणू? काका हवा भरील, तर दळण. नाही तर नाही."

सगूनं चाक दाबून बघितलं. मऊच होतं. सगू निघाली. दुडूदुडू दुडूदुडू.

काका गोठ्यात होता. शेण भरत होता. हात कोपरापर्यंत बरबटलेले.

"काका काका, हवा भर.
हवा दादाला. दादा दळण आणील.
दळण आईला. आई चानकी करील.
चानकी मला. मी मटामटा खाईन."

"आल्या मुकादमीणबाई," काका म्हणाला. "हे हात बघितलेस? असे हात पंपाला लावू? पंप शेजारच्यांचा. घाण केला, तर पुन्हा देतील का? आत्या पाणी आणील, हात धुईन, तर हवा. नाही तर नाही."

आता थांबा. मला सांगा. काकानं हवा का नाही भरली?

हात शेणाचे होते. बरोबर. कान उघडे आहेत म्हणायचे तुमचे. चला पुढं.

सगू निघाली. दुडूदुडू दुडूदुडू.

आत्या मागच्या दारी होती. आडाजवळ. दोर हातात होता. पण दोराला काहीच बांधलेलं नव्हतं.

"आत्या आत्या, पाणी आण.
पाणी काकाला. काका हवा भरील.
हवा दादाला. दादा दळण आणील.
दळण आईला. आई चानकी करील.
चानकी मला. मी मटामटा खाईन."

"आणते की," आत्या म्हणाली. "कशात आणू? तुझ्या ओंजळीत? कळशी घासायला टाकलीय. काकी कळशी घाशील, तर पाणी. नाही तर नाही. आणि आडाजवळ यायचं नाही. किती वेळा सांगायचं?"

सगू मागं सरली. मग वळली. आणि निघाली. दुडूदुडू दुडूदुडू.

काकी मोरीवर होती. पुढ्यात भांड्यांचा ढीग. त्यात कळशी. कळशी काळीकुट्ट.

"काकी काकी, कळशी घास.
कळशी आत्याला. आत्या पाणी आणील.
पाणी काकाला. काका हवा भरील.
हवा दादाला. दादा दळण आणील.
दळण आईला. आई चानकी करील.
चानकी मला. मी मटामटा खाईन."

"दम लागला का गं पोरी?" काकी म्हणाली. "एका दमात किती बोललीस. पण राख संपली. ही बघ राखेची करवंटी. पार रिकामी. राखेशिवाय ही कळशी निघायची नाही. राख न्हाणीच्या चुलीत. चुलीजवळ आबांनीच जायचं. तू गेलीस, तर बघ. आबा राख देतील, तर कळशी. नाही तर नाही."

सगू निघाली. आता जोरात निघाली. दुडूदुडूदुडूदुडू.

आबा सोप्यात होते. समोर झोळी टांगलेली. झोळीत बाळ. बाळ काकीचं. आबा दोरी ओढत होते. कुर्र कुर्र. बाळ रडत होतं. ट्यँहँ ट्यँहँ.

सगूनं मोठा श्वास घेतला. तुम्हीही घ्या. एवढं सगळं म्हणायचंय.

"आबा आबा, राख द्या.
राख काकीला. काकी कळशी घाशील.
कळशी आत्याला. आत्या पाणी आणील.
पाणी काकाला. काका हवा भरील.
हवा दादाला. दादा दळण आणील.
दळण आईला. आई चानकी करील.
चानकी मला. मी मटामटा खाईन."

"काय म्हणालीस?" आबा म्हणाले. "या रडण्यात ऐकू कुठं येतंय?"

सगूनं पुन्हा म्हटलं. सगळंच्या सगळं. एक अक्षर गाळलं नाही.

"ते खरं," आबा म्हणाले. "पण मी उठू कसा? दोरी सोडली, की हे आणखी चेकाळतं. दूध पाजून झालं. दुपटं कोरडं आहे. तरी रडतंय. मी काय करू? बाळ झोपेल, तर राख. नाही तर नाही."

झालं. आता कुणाकडं जायचं?

बाळाकडं.

सगू झोळीपाशी गेली. टाचा उंच केल्या. आत डोकावली. लालबुंद तोंड. मिटलेले डोळे. उघडा जबडा.

"बाळा बाळा, झोपी जा."

"ट्यँहँ," बाळ म्हणालं.

आई म्हणाली होती, दादा आणील तर. दादा म्हणाला होता, काका भरील तर. सगळ्यांनी काही ना काही सांगितलं होतं. बाळ काहीच सांगेना. नुसतं ट्यँहँ. पुढं कुणाकडं जायचं, तेही सांगेना.

सगूला आता खरंच रडू आलं. पोटात कावळे ओरडत होते. नाक गळत होतं. तिनं फ्रॉकला नाक पुसलं. आणि तिला जे येत होतं, तेच ती म्हणाली.

"बाळा बाळा, झोपी जा.
झोपलास की आबा उठतील. आबा राख देतील.
राख काकीला. काकी कळशी घाशील.
कळशी आत्याला. आत्या पाणी आणील.
पाणी काकाला. काका हवा भरील.
हवा दादाला. दादा दळण आणील.
दळण आईला. आई चानकी करील.
चानकी मला. मी मटामटा खाईन."

बाळ गप्प.

एक डोळा उघडला. मग दुसरा. बाळ सगूकडं बघायला लागलं.

सगू खूश. ती थांबली. बाळानं पुन्हा तोंड उघडलं. ट्यँ…

"अगं, थांबू नकोस," आबा म्हणाले. "म्हण, म्हण."

सगूनं म्हटलं. आबांनी दोरी ओढली. कुर्र.

"राख काकीला. काकी कळशी घाशील." कुर्र.

"कळशी आत्याला. आत्या पाणी आणील." कुर्र.

"पाणी काकाला. काका हवा भरील." कुर्र.

बाळानं मूठ तोंडात घातली.

"हवा दादाला. दादा दळण आणील." कुर्र.

"दळण आईला. आई चानकी करील." कुर्र.

बाळाचे डोळे जड झाले. सगू आता हळू म्हणाली. अगदी कानात सांगावं तसं.

"चानकी मला. मी मटामटा…"

बाळ झोपलं.

सगूनं एकदम वळून बघितलं. "आबा, झोपलं बाळ. राख द्या."

आबा बोलेनात.

आबांची मान छातीवर. मिशी वर, मिशी खाली. घुर्र घुर्र. आबाही झोपले होते.

घ्या. आता ओरडायचं, तर बाळ उठेल. नाही ओरडायचं, तर आबा उठत नाहीत. काय कराल तुम्ही?

सगूनं काय केलं ते ऐका. ती गुपचूप खाली बसली. आबांचा पाय धरला. आणि तळव्याला गुदगुल्या केल्या. गुलुगुलु गुलुगुलु.

आबांचा पाय उडाला. मिशी उडाली. डोळे उघडले.

"कोण आहे रे?"

"श्शू," सगू म्हणाली. "राख."

आबा चवड्यांवर चालत गेले. सगू चवड्यांवर मागनं. मग दार ओलांडलं, आणि जो काय धडाका सुरू झाला.

आबांनी राख काढली. भुस्स भुस्स.
राख काकीला. काकीनं कळशी घासली. खस्स खस्स.
कळशी आत्याला. आत्यानं पाणी आणलं. खळ्ळ खळ्ळ.
पाणी काकाला. काकानं हात धुतले. चुबुक चुबुक. मग हवा भरली. फुस्स फुस्स.
हवा दादाला. दादानं टांग मारली. टिंग टिंग. गेला. वेशीपल्याड गेला. दिसेनासा झाला.

सगू अंगणात उभी. रस्त्याकडं डोळे.

दादा येईना.

दादा येईना.

टिंग टिंग.

आला. मागं डबा. डब्यात दळण. भुवयांवरसुद्धा पीठ.

"नंबर होता गं," दादा म्हणाला. "सगळ्या गावाला आजच दळायचं होतं."

दळण आईला. आईनं तवा ठेवला. पीठ मळलं. थप थप थप थप. चानकी तव्यावर. चानकी उलटली. चानकी फुगली. टम्म.

तोवर सगळे येऊन बसले. रांगेत बसले. आबा. काकी. आत्या. काका. दादा. सगळ्यांच्या पोटात कावळे. सगळ्यांचे डोळे तव्यावर.

आईनं पहिली चानकी उचलली. काकानं हात पुढं केला.

"हात मागं घ्या भावोजी," आई म्हणाली. "ही सगूची."

चानकी सगूला. सगूनं ती दोन्ही हातांत धरली. गरम गरम. फू फू केलं. आबांनीही फू केलं. मिशीसकट.

मग सगूनं मोठा घास घेतला. काका बघत बसला. गिळत बसला.

"सगू सगू, तुकडा दे," काका म्हणाला. "हवा मीच भरली ना?"

सगूचा गाल फुगलेला. तिनं विचार केला. घास गिळला. मग म्हणाली,

"माझी चानकी संपेल, तर तुकडा. नाही तर नाही."

"बरं," काका म्हणाला. आणि वाट बघत बसला.

सगू खातच राहिली. मटामटा मटामटा. एक कणही सांडला नाही.

आता सांगा बघू. काकाला तुकडा मिळाला का?

दादा का हसला? आत्यानं तोंडाला पदर का लावला? काकाला कळायला अंमळ वेळ लागला. तुम्हाला लागू नये.

झाली गोष्ट. उठा. ताटं मांडा.