पाळी सांगणारा पोपट

डोंगराच्या उतारावर पसरलेल्या एका दाट रानात एक पिसोरी आपल्या पाडसाला घेऊन राहत असे. मुलांनो, पिसोरी तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. ती दिसते हरणासारखी, पण असते जेमतेम सशाएवढी. अंगावर पांढरे ठिपके आणि काडीसारखे पाय. पाला वाजला तरी ती दडून बसते आणि सहसा तोंडातून आवाज काढत नाही.

त्या रानात उन्हाळ्यात एकच डोह उरत असे. पाणी आधी कोणी प्यायचे यावरून तिथे रोज भांडण होई. गवा म्हणे, "माझा कळप मोठा." रानडुक्कर म्हणे, "मी लांबून आलो." मग सगळे डोहाकाठच्या कातळावर बसत, घसा बसेपर्यंत वाद घालत आणि कशीबशी पाळी ठरवत. पिसोरी त्या बैठकीत कधीच बोलत नसे. पण ती झुडपाआड उभी दिसली की कोणीतरी म्हणे, "अरे, त्या बारकीला जाऊ द्या आधी. ती पिणार ती किती!" मग पिसोरी आणि तिचे पाडस घाईघाईने पाणी पिऊन निघून जात.

एका वर्षी पाऊस कमी झाला. डोह आटू लागला, तशी भांडणेही वाढली. तेव्हा वाघाचा कारभारी असलेला कोल्हा एका पोपटाला घेऊन कातळावर आला.

"मंडळी, रोजचा हा तंटा कशाला?" कोल्हा म्हणाला. "हा पोपट वाघोबांच्या गुहेसमोरच्या झाडावर वाढला आहे. गुहेत झालेला प्रत्येक निवाडा त्याने ऐकला आहे आणि तो काहीही विसरत नाही. त्याला ना कळप, ना नातेवाईक. आजपासून पाण्याची पाळी तो सांगेल."

प्राण्यांना ते लगेच पटले. सगळेच भांडून कंटाळले होते. तापलेल्या कातळावर बसून घसा फोडण्यापेक्षा सावलीत पडून हाकेची वाट पाहणे कोणाला आवडणार नाही?

फक्त साळिंदराने काटे फुलवले. "याला शिकवलं कोणी?" त्याने विचारले. "आणि हा चुकला, तर जाब कोणाला विचारायचा?"

"शिकवलं आपण सगळ्यांनीच," कोल्हा हसून म्हणाला. "आपलंच बोलणं ऐकून तो शहाणा झाला."

साळिंदर पोपटाकडे वळले. "खरं का रे?"

पोपट सरळ मनाचा होता. खोटे बोलायला त्याला कोणी शिकवले नव्हते. तो म्हणाला, "जे माझ्या कानावर पडलं, ते मी बोलतो. जे पडलं नाही, ते मला ठाऊक नाही."

हे उत्तर ऐकून कोणीतरी क्षणभर थांबायला हवे होते. पण रानडुक्कर ओरडले, "पुरे झाली चौकशी! इथे तहानेने जीव चाललाय!" आणि सगळ्यांनी त्याची री ओढली.

पोपटाने पाळी सांगितली. आधी वाघ, मग कोल्ह्याचे कुटुंब, मग गवा, सांबर, रानडुक्कर. कुठे आरडाओरडा नाही, कुठे धक्काबुक्की नाही. प्राणी खूश झाले. कोल्ह्याने डोहाच्या वाटेवर एक तरस बसवला. पोपटाने नाव घेतल्याशिवाय तो कोणालाही पुढे सोडत नसे. कातळावरची बैठक आपोआप बंद पडली.

त्या दिवशी पिसोरी नेहमीप्रमाणे झुडपाआड उभी राहिली. पण 'बारकीला जाऊ द्या' असे म्हणायला आता कातळावर कोणी नव्हते. बराच वेळ वाट पाहून ती पोपटाच्या झाडाखाली गेली आणि जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "माझी पाळी कधी?"

"तू कोण?" पोपटाने मान तिरकी करून विचारले.

"मी पिसोरी."

पोपटाने खूप आठवून पाहिले. पण वाघाच्या गुहेत तिचे नाव कोणी कधी घेतलेच नव्हते. "तुझी पाळी नंतर," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तेच झाले. तिसऱ्या दिवशीही तेच. गव्याने तिला ताटकळताना पाहिले आणि त्याला वाईटही वाटले. पण तो स्वतःशीच म्हणाला, "पोपटाने सांगितलं नाही, तर मी मध्ये कसा पडू?" आणि पाण्यात तोंड घालून तो पिऊ लागला.

इकडे साळिंदर प्रश्न विचारायचे थांबले नव्हते. भेटेल त्याला ते म्हणे, "पोपटाला फक्त गुहेतलं ठाऊक आहे. रान गुहेएवढंच आहे का?" हे कोल्ह्याच्या कानावर गेले. तो स्वतः साळिंदराच्या बिळाशी आला. "तुमच्यासारख्या जाणत्याची आम्हाला गरज आहे," तो अदबीने म्हणाला. "पोपटावर देखरेख ठेवायला मी एक समिती नेमतो आहे. तुम्ही अध्यक्ष व्हा. अध्यक्षांना डोहाजवळ राहावं लागेल, म्हणून काठावरचं गार बीळ तुमच्यासाठी मोकळं केलं आहे." साळिंदराला वाटले, आपले म्हणणे अखेर कोणीतरी ऐकले. ते नव्या बिळात राहायला गेले. पोपट आता त्याचेही नाव रोज घेऊ लागला.

पिसोरी पानांवरचे दव चाटून दिवस काढत होती. हळूहळू तिचे दूध आटले. एका सकाळी पाडसाला उठून उभेच राहता येईना. तेव्हा ती धावत साळिंदराकडे गेली.

"साळिंदरदादा, पोपट चुकला तर काय, असं तुम्हीच विचारलं होतं ना? तो चुकलाय. माझं पाडस पाण्यावाचून पडलंय."

साळिंदर ओशाळले. "मी आत राहून प्रयत्न करतोय गं," ते म्हणाले. "अशा गोष्टींना वेळ लागतो. उघड विरोध केला, तर मलाही काढून टाकतील. मग तुमची बाजू मांडायला कोण उरेल?"

पिसोरीने त्याच्या ओल्या मिशांकडे पाहिले. "तुम्ही आज पाणी प्यालात?"

साळिंदराने पंजाने मिशा पुसल्या.

पिसोरी परतली तेव्हा करवंदीच्या जाळीत पाडस निपचित पडले होते. त्याचा श्वास थांबला होता. ऊन उतरेपर्यंत ती त्याचे अंग चाटत राहिली.

मग जिने आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता, ती पिसोरी कातळावर उभी राहून किंचाळली. सगळे रान गोळा झाले. पाडसाची बातमी ऐकून गव्याच्या डोळ्यांत पाणी आले. "चूक झाली," सांबर म्हणाले. "पोपट चुकला," रानडुक्कर म्हणाले. कुजबूज वाढत चालली.

कोल्ह्याने वारा ओळखला. तो पुढे झाला आणि जड आवाजात म्हणाला, "हे दुःख आपल्या सगळ्यांचं आहे. रानातल्या प्रत्येकाचं मत घेतल्याशिवाय पोपट यापुढे एकही पाळी सांगणार नाही. उद्या सकाळी महासभा!"

प्राण्यांनी जयजयकार केला. आपल्याला कोणी काही विचारून किती दिवस झाले होते!

सभा भरली. कोल्ह्याने पहिला प्रश्न मांडला, "पोपटाने उंबरावर बसावं की जांभळावर?" त्यावर जोरदार चर्चा झाली. दुसरा प्रश्न होता, "त्याने मोठ्याने बोलावं की हळू?" मग तिसरा, "ज्यांना थांबावं लागतं त्यांचं मन दुखू नये, म्हणून 'नंतर' ऐवजी 'कृपया नंतर' म्हणावं का?" गवा त्यावर भरभरून बोलला. रानडुकराने एक दुरुस्तीही सुचवली आणि ती मान्य झाली, तेव्हा त्याची छाती फुगली.

पिसोरी मागे उभी होती. ती म्हणाली, "पोपटाने पाळी सांगावी की नाही, हे कधी विचारणार? त्याने कोणाचं ऐकून शिकावं, हे कोण ठरवणार?"

"पिसोरीताई, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो," कोल्हा मृदू आवाजात म्हणाला. "पण तो विषय आजच्या सभेपुढे नाही." आणि त्याने साळिंदराकडे पाहिले.

सगळ्यांच्या नजरा साळिंदरावर खिळल्या. साळिंदराने घसा खाकरला. "अध्यक्ष म्हणून मला एवढंच सांगायचं आहे," ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "की सभा रीतीप्रमाणे चालली आहे."

"ज्यांना आजचे ठराव आणि पोपटाचा कारभार मान्य आहे, त्यांनी माना वर कराव्यात," कोल्हा म्हणाला. एकामागून एक माना वर झाल्या. दिवस बराच वर आला होता आणि प्रत्येकाला तहान लागली होती.

पिसोरी डोंगर ओलांडून रान सोडून गेली. तरसाने तिला अडवले नाही. बाहेर जायला पाळी लागत नव्हती.

मुलांनो, ऊन पुढे आणखी तापले. डोहात थोडेच पाणी उरले. कातळावर आता कोणी बोलत नसल्यामुळे पोपटाच्या कानावर दिवसभर एकट्या कोल्ह्याचे बोलणे पडे, आणि तो तेच शिकत गेला. कोल्ह्याचे मामे, मावसे, दूरचे पाहुणे, सगळ्यांची नावे पाळीत आली. एके दिवशी रानडुक्कर डोहाकडे निघाले, तर पोपट म्हणाला, "कृपया नंतर."

रानडुक्कर चवताळले. "हा अन्याय आहे! आम्ही या पोपटाला मानत नाही! सभा बोलवा!"

"सभा झाली की," कोल्हा शांतपणे म्हणाला. "सगळ्यांना विचारलं, सगळ्यांनी होकार दिला. तुमची मान तर पहिली वर गेली होती."

रानडुकराने मदतीसाठी आजूबाजूला पाहिले. साळिंदर आपल्या बिळात शिरले होते. गवा जवळच उभा होता, पण त्याचे नाव नुकतेच पुकारले गेले होते. रानडुकराची नजर चुकवून तो पाण्याकडे चालू लागला.

तात्पर्य : आपल्या वतीने निर्णय कोण घेणार, तो कोणाचे ऐकून शिकणार आणि चुकल्यावर जाब कोण देणार, हे ठरताना जे गप्प बसतात, त्यांना पुढे मत विचारले जाते ते केवळ त्यांचा होकार मिळवण्यासाठी.