सुईणीच्या पायातला तोडा

एका राज्यात गावं उदंड होती आणि सुईण एकच होती. हो, एकच! हत्तींना माहूत ढिगानं, राजाच्या मिशांना तेल चोळायला दोन माणसं, आणि अडल्या बाईला हात द्यायला एकटी भिवरा.

भिवराच्या हाताला गुण असा, की पोटात आडवं आलेलं मूल तिची चाहूल लागताच सरळ व्हायचं. काम तिला जीव की प्राण. नवं रडं कानावर आलं की तिचा सण व्हायचा. पण तिला दुसरंही एक वेड होतं. लांबची वाट दिसली की तिचे पाय शिवशिवत. राज्याबाहेर एक उलटी नदी होती. ती पायथ्याशी उगम पावे, डोंगर चढून जाई आणि शिखरावरच्या तळ्यात निजे. ती नदी एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढीच भिवराची हौस.

पण पायात तोडा होता. सोन्याचा, मानाचा, राजा वज्रसेनानं भर दरबारात घातलेला. भिवरा राज्याच्या वेशीवर गेली की तो जात्याच्या तळीएवढा जड होई, आणि पाऊल म्हणून उचलत नसे.

शेवटी ती दरबारात उभी राहिली.

"महाराज, मला दोन महिन्यांची रजा द्या."

"कशासाठी?"

"नदी पाहायची आहे."

"तीर्थ आहे का?"

"नाही."

"तिकडं नातलग आहेत?"

"नाहीत. मला पाहायची आहे, म्हणून जायचं आहे."

दरबार खदखदून हसला. प्रधान म्हणाला, "बाईमाणूस नुसतं पाहायला जातं होय? पायाला भिंगरी बांधलीय हिच्या!"

राजा म्हणाला, "तुझ्यामागं बाया अडल्या तर ते पाप कुणाच्या माथी?"

भिवरा पेटली. "महाराज महिना महिना शिकारीला जातात, तेव्हा राज्य अडत नाही. प्रधानजी आंब्याच्या दिवसांत सासुरवाडीला जातात ते पावसाला परततात, तेव्हा कुणी पाप मोजत नाही. मी वाट धरली की बाया अडतात! अहो, एवढ्या राज्यात एकच सुईण ठेवली कुणी? मी ठेवली?"

"बोलणं पुरे," राजा म्हणाला. न्याय संपला! ऐका, असा न्याय.

भिवरा घाटावर लुगडं आपटत बसली. दगडावर परीट पक्षी शेपूट हलवत होता. तो म्हणाला, "भिवरा, धुतेस का रडतेस?"

"दोन्ही करते. तुला काय त्याचं?"

"मी थंडीत तुमच्या घाटावर असतो, उन्हाळ्यात हिमाच्या देशात. पिलं तिथं वाढवतो, किडे इथं खातो. मला कुणी जाब विचारत नाही."

"तुला मान दिला नाही कुणी, म्हणून."

"असला मान नको गं बाई. तुझा तोडा कालकंठ मांत्रिकानं घडवलाय. गावामागच्या पडक्या बुरुजात उलटा टांगून निजतो. त्यालाच जाऊन विचार."

भिवरा बुरुजात गेली. कालकंठ वाघळासारखा लोंबत होता. डोळे न उघडता म्हणाला, "तोडा काढायचाय ना? हातातलं कसब मला दे, पाय मोकळे करतो. नाहीतर हात ठेव आणि पाय विसर. बायकांना दोन्हीतलं एकच मिळतं."

"मेल्या, हात माझे आणि पायही माझेच! एक घेतलं तर दुसरं ठेव म्हणायला ही काय बाजारातली वांगी आहेत?"

शंभर वर्षांत पहिल्यांदा मांत्रिक सुलटा झाला आणि खाली उतरून बसला. "मग तीन कामं कर. ज्याची घरं दोन देशांत आहेत, त्याचं पीस आण. जिथं तुझी वाट पाहता पाहता बाई मेली, त्या घरची मूठभर माती आण. तिसरं मग सांगेन."

परिटानं पीस लगेच काढून दिलं. म्हणाला, "घे, शेपटी पुन्हा येते."

माती सोपी नव्हती. राज्याच्या टोकाच्या गावी चिंधीआत्या उंबऱ्यात बसली होती. भिवराला पाहून तिनं तोंड फिरवलं.

"आता कशाला आलीस? माझी सून अडली तेव्हा तू राजवाड्यात होतीस. मांजर व्यालं होतं म्हणे राणीचं."

भिवराची मान खाली गेली. मग ती म्हणाली, "आत्या, तुम्ही तर माझ्याही आधीच्या सुईण. तुम्ही का नाही हात लावलात?"

"लावला की! पण ज्या दिवशी तुझ्या पायात तोडा पडला, त्या दिवशी माझी बोटं रिकामी झाली. ताकातून लोणी काढून घ्यावं तसं कसब निघून गेलं. गावोगावच्या सुईणींचं तेच झालं. सगळ्यांचं जाऊन तुझ्या हातात बसलं. राजाला दाराशी एकच हवी होती, सगळ्यांहून सरस. आम्ही ओरडलो, तर लोक म्हणाले, म्हातारीला हेवा वाटतो."

भिवराला रडू आलं नाही. संताप आला. आजवर जो मान ती मिरवत आली, तो चोरीचा माल होता, आणि चोरानं तो तिच्याच पायात अडकवला होता. तिनं उंबऱ्याची माती उचलली आणि चिंधीआत्याचा हात धरला. "चला माझ्याबरोबर. बाकीच्यांनाही बोलवा."

साऱ्या सुईणी बुरुजाखाली जमल्या. कालकंठानं तिसरं काम सांगितलं. "ही माती बोटांना चोळ, आणि पिसानं कसब उकलून जिचं तिला दे. तुझं स्वतःचं किती उरेल ते मला ठाऊक नाही. कदाचित काहीच उरणार नाही."

इथं मात्र भिवरानं माती मुठीतच दाबून धरली. पाय सुटतील, पण परत आल्यावर मूल झेलायला हातच नसले तर? ते नवं रडं दुसऱ्या कुणाच्या ओंजळीत पडेल, आणि आपण नुसत्या दारात उभ्या!

तिनं चिंधीआत्याच्या रिकाम्या बोटांकडं पाहिलं. मग माती चोळली.

बोटांतून धागे निघाले, हळदीचे, शेंदराचे, दुधाचे. ज्या धाग्याला आपली बाई दिसे, तो तिच्या बोटांवर जाऊन बसे. शेवटी एकच धागा राहिला. तो घ्यायला कुणी पुढं येईना.

"हा कुणाचा?" भिवरानं घाबरत विचारलं.

"तुझाच आहे, वेडे," चिंधीआत्या म्हणाली. "तुझ्या आईचा हात असाच चालायचा."

धागा बोटांत परत शिरला. तोडा गळून पडला, त्याचा विंचू झाला आणि बुरुजाच्या फटीत पळाला.

भिवरा तशीच वेशीकडं निघाली. चिंधीआत्या राजवाड्याच्या वाटेला लागली. राणीचे दिवस भरत आले होते. भिवरा वाटेत एक मुक्काम करून वेशीवर पोहोचते तो मागून स्वार दौडत आला.

"भिवराबाई, माघारी फिरा! राणीसाहेबांना कळा सुरू झाल्यात. महाराजांचा हुकूम आहे!"

भिवरा थांबली. तिचे हात आपसूक पुढं झाले. "जवळ कोण आहे?"

"ती चिंधी म्हातारी."

"मग गरम पाणी द्या आणि महाराजांना बाहेर बसवा. बाकी आत्या पाहील."

"पण तुम्ही आलात तर बरं होईल!"

"मी आले तर तिचे हात पुन्हा काढून घेतल्यासारखं होईल. जा, सांग तसं."

आणि तिनं वेस ओलांडली.

दिवस मावळायच्या आत राणी मोकळी झाली. मुलगी झाली. चिंधीआत्यानं ती राजाच्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, "महाराज, कोण अडलं?"  दुसऱ्या दिवशी राजानं दवंडी पिटवली, की ज्या गावात सुईण नाही त्या गावच्या पाटलानं आपलं पागोटं दरबारात आणून ठेवावं. महिनाभरात एक गाव सुईणीवाचून राहिलं नाही.

भिवरानं उलटी नदी पाहिली. काठावर बसून पाय सोडले, आणि पाण्यानं ते वरच्या बाजूला ओढले. ती पोट दुखेतो हसली. मग परत आली, आणि पायाची धूळ झाडायच्या आत तिला लोहाराच्या घरून बोलावणं आलं. पुढं ती दर साली जाई आणि दर साली येई.

अशी ही शापमुक्तीची कथा. बायांनी ऐकली तर त्यांना वाट मिळो. पुरुषांनी ऐकली तर त्यांनी "तू गेलीस तर आमचं कसं व्हायचं?" असं घरच्या बाईला पुन्हा म्हणू नये. भात टाकायला शिकावं.