कॅमेऱ्याचा भाव

फार वर्षांपूर्वी, एक फोटो काढायचा म्हणजे अख्खं घर न्हाऊन-माखून उभं राहायचं त्या काळी, एका नगरीच्या जुन्या बाजारात एक पारखी बसत असे. समई असो की सतार, तो ती उलटीपालटी करून पाही आणि भाव सांगे. त्याच्या शब्दाला मान होता. विकणारा आणि घेणारा, दोघेही समाधानाने घरी जात. असा माणूस बाजारात असण्याचं मोल काय, ते एकदा फसलेल्यालाच विचारावं.

बाजाराची एक रीत होती. पारख्याने ज्याचा भाव केला, ती वस्तू त्याने स्वतः घ्यायची नाही.

एके दिवशी एक विधवा बाई फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा घेऊन आली. तिचा नवरा तो खांद्याला लावून जत्रांतून फोटो काढत हिंडायचा.

"दादा, लेक लांब बंदराच्या गावी दिलीय. पहिलं बाळंतपण आहे, माहेरी यायचा प्रवास तिला झेपायचा नाही, आणि घरात सासू नाही. हा विकून गाडीभाडं करीन म्हणते. काय येईल याचं?"

पारख्याने फडकं सोडलं आणि त्याचे हात थांबले. काळं चामडं, पितळी कडा, पुढे काचेचं भिंग. लहानपणी जत्रेत त्याने असाच कॅमेरा पाहिला होता. आई त्याला घेऊन त्या कॅमेऱ्यापुढे उभी राहिली होती, पदरही सारखा केला होता. पण फोटोवाल्याने पैसे सांगितले तशी ती मुकाट्याने बाजूला झाली. त्याच साली ती गेली. आता तिचे हात त्याला आठवत, आवाज आठवे, चेहरा मात्र काही केल्या आठवत नसे.

त्या दिवशी त्याने काहीच तपासलं नाही. असली वस्तू घेणारे गावात किती, हाही विचार केला नाही.

"एका दुभत्या म्हशीची किंमत येईल, ताई. त्याच्या खाली देऊ नका."

तो खोटं बोलला नव्हता. त्याला ती वस्तू खरोखर तेवढ्या मोलाची वाटत होती, आणि घोटाळा तिथेच होता.

जुन्या वस्तूंचा एक शौकीन आला. त्याने दोन शेळ्यांची किंमत देऊ केली. भाव रास्त होता, गाडीभाडं भागून वर चार पैसे उरले असते. पण बाई म्हणाली, "पारखीदादांनी म्हशीचं सांगितलंय." मागून आलेल्यालाही तिने तेच सांगितलं. कॅमेरा अजून विकला गेला नाही हे ऐकून पारख्याला आतून बरं वाटे, आणि बरं वाटल्याची लाजही वाटे.

पावसाळा आला नि गेला. बाई पुन्हा बाजारात आली.

"दादा, आता एका शेळीचं तरी येईल का? लेक बाळंत झाली. शेजारणींनी केलं सगळं. मुलगी झाली म्हणे."

पारख्याने या वेळी कॅमेरा उजेडात धरला. ओल लागून भिंगावर बुरशीचं जाळं पसरलं होतं. आता तो फुकटही कुणी नेला नसता.

"माझं काय चुकलं, दादा?"

"तुमचं नाही, ताई. मी कॅमेऱ्याचा भाव केलाच नाही. माझ्या आईच्या आठवणीचा केला."

होतं नव्हतं ते विकून त्याने म्हशीची किंमत तिच्या हातावर ठेवली आणि कॅमेरा स्वतःकडे घेतला. रीत मोडली होती, म्हणून आपल्या जागेवरून तो स्वतःच उठला. त्यानंतर त्याने कुणाला भाव सांगितला नाही.

बाई लेकीकडे पोहोचली तेव्हा बारसंही उरकलं होतं. नात तिच्याकडे पाहून परकी म्हणून रडली. ते गेलेले दिवस म्हशीच्या किमतीत परत मिळणारे नव्हते.

तात्पर्य : ज्या वस्तूत आपला जीव अडकला आहे, तिचा भाव आपण करू नये.