वाळणखारची काळी दीपमाळ

देवीचे देऊळ पांढरेशुभ्र, मग पुढची दीपमाळ काळीकुट्ट का, हा वाळणखारला येणाऱ्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न असतो. कुणी म्हणतो आग लागली असेल, कुणी म्हणतो गावाला चुना परवडत नसेल. चुना परवडतो. दीपमाळ आम्ही दर नारळी पौर्णिमेच्या आधी, शेणात कोळसा कालवून, आमच्या हातांनी काळी करतो.

आज तिच्यासमोर माडांची राई आहे, पण एके काळी खाडीचे तोंड अगदी तिथेच होते. आमचा दर्या एका जागी बसणारा नाही. दक्षिणेकडे जुन्या कोळीवाड्याच्या दोन आळ्या त्याने गिळल्या, आणि इथे वाळू आणून टाकली.

त्या काळी दीपमाळेला चुना लावण्याचा मान पोशा तांडेलाच्या घराचा होता. देऊळ तेव्हा बुटके, मातीचे; परतणाऱ्या होड्या दुरून दीपमाळेची पांढरी खूण बघत आणि तिच्या रोखाने सरळ खाडीत शिरत. खुद्द पोशाला मात्र खूण लागत नसे. होडीचा म्होरक्या म्हणून तीस वर्षे दर्यावर काढलेला माणूस. डोळे मिटूनही घरी येईल, असा त्याचा लौकिक. त्याची बायको भिवरा ही गोष्ट चारचौघींत मोठ्या कौतुकाने सांगायची.

एका वर्षी गावच्या सात होड्या दर्यात असताना हस्ताचा पाऊस तीन दिवस कोसळत होता, असे सांगतात. चौथ्या दिवशी उजाडले तेव्हा खाडीचे तोंड वाळूने बुजले होते, आणि पाण्याने उत्तरेला अर्ध्या कोसावर नवी वाट फोडली होती. दीपमाळ आपली तशीच पांढरी उभी. तिच्या भरवशावर येणारी होडी वाळूवर आपटून फुटणार, हे भिवराने ओळखले. ती चुलीतला कोळसा घेऊन निघाली.

पाटील आडवा आला. "देवीची दीपमाल काली करतंस? गावावर कोप होईल गो!"

"कोप झाला तं माझ्यावर होईल," भिवरा म्हणाली. "होऱ्या फुटल्या तं घराघरात रडं होईल."

पाटील बाजूला झाला. दुपारपर्यंत दीपमाळ काळी झाली. मग बायकांनी एक पांढरे शीड नेऊन नव्या तोंडाशी बांबूंवर उभारले.

उन्हे कलताना होड्या दिसू लागल्या. सहा होड्या नेहमीची खूण दिसेना म्हणून बाहेरच थांबल्या, इकडेतिकडे पाहू लागल्या, आणि उत्तरेचे शीड दिसताच तिकडे वळल्या. सातवी पोशाची. थांबलेल्यांना पाहून तो हसला म्हणे. "घरची वाट इचारायची कसली?" असे म्हणून तो सर्वांच्या मधून पुढे निघाला, जिथून तीस वर्षे आला होता तिथेच. भिवरा ओरडत वाळूवरून धावली, पण लाटांच्या आवाजात तिचे ओरडणे पोचले नाही. होडी तिच्या डोळ्यांदेखत फुटली. दोन खलाशी पोहून काठाला लागले. पोशा सापडला नाही.

सहा होड्यांच्या घरांचे रडणे भिवराने टाळले. जो खुणेकडे बघतच नव्हता, त्याच्यापुढे तिचा इलाज चालला नाही. पुढे कित्येक दिवस ती नव्या तोंडाशी बसून असे. महिन्याभराने होड्या पुन्हा दर्यावर गेल्या, आणि त्यांतली पहिली परतली. तिच्या तांडेलाने तोंडाशी शीड उतरवले आणि मान खाली घालून भिवराला वाट विचारली. ती रडली, आणि तिने वाट सांगितली.

तेव्हापासून खाडीचे तोंड चारदा सरकले. आता होड्यांना इंजिने आहेत आणि प्रत्येकाच्या मोबाईलात नकाशा. आजही, तांडेल कितीही मुरलेला असो, घर समोर दिसत असो, तोंडाशी आल्यावर इंजिन बंद करतो आणि हाक मारतो, "वाट कंची गो?" काठावर असेल ती बाई हात करून वाट दाखवते. आणि प्रत्येकाला, न चुकता, भिवराने वाट विचारणाऱ्या त्या पहिल्या तांडेलाला म्हटले होते तेच म्हणते, "इचारलंस, बरं केलंस."