छिद्रावरचं बोट

"पण बाई, फुगा मापाचाच होता! मग धमनी फाटलीच कशी?"

हृदयाच्या सर्जन डॉ. इंदुमती खानविलकर ऑपरेशनसाठी हात धूत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

नचिकेत धामणकर धुमसत होता. अँजिओप्लास्टीत त्याचं नाव गावभर. शिकाऊ असताना याच बाईंच्या मागे तो वॉर्डात फिरला होता. पुढे धमनीतून सरकवलेल्या बारीक तारेवर काम भागू लागलं, तसा छाती उघडणाऱ्यांना तो 'सुतार' म्हणू लागला. आज एसटी ड्रायव्हर हिंदुराव चौगुल्यांच्या धमनीत फुगा फुगवताना तिला भोक पडलं. रक्त हृदयाभोवती साचू लागलं. आतून बुजवायचे सगळे उपाय थकले, तेव्हा कुठे त्यानं बाईंना बोलावलं.

"धमनीत कॅल्शियम साचलेलं, नुसतं दगडासारखं. कुणाच्याही हातून…"

"हात धू. आत ये."

छाती उघडली. गुठळ्या निघाल्या. आवळलेलं हृदय मोकळं झालं आणि भोकातून चिळकांडी उडाली.

"बोट ठेव."

नचिकेतनं ठेवलं. पडद्यावर हृदयं रोजचीच. बोटाखाली धडधडणारं हे पहिलंच. त्यानं इतकं जीव खाऊन दाबलं की हृदयच चेपलं.

"प्रेशर पडतंय!" भूलतज्ज्ञ ओरडले.

"दाबू नकोस," बाई म्हणाल्या.

"अहो, सोडलं तर रक्त…"

"सोड म्हणाले का मी? नुसतं ठेव."

त्यानं चरफडत बोट सैल केलं.

रक्त आलं नाही. प्रेशर हळूहळू चढलं. बाईंनी त्याच्या बोटाच्या कडेकडेनं टाके घातले.

बाहेर चौगुल्यांची मुलगी धावत आली. "बाबा?"

"वाचले," बाई म्हणाल्या.

ती भिंतीला टेकून रडली. मग डोळे पुसत तिनं नचिकेतला विचारलं, "पण डॉक्टर, असं झालं कसं?"

"धमनीच खराब होती. त्यात तुम्ही आणलंत उशिरा. आधी आणलं असतंत तर…"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे… आमच्यामुळे?"

नचिकेत वैतागून बाईंकडे वळला. "बाई, तुम्ही तरी सांगा हिला! कधीपासून बघतोय, तुम्ही काही बोलतच नाही!"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"चौगुले वाचले, नचिकेत. आता कुणाला वाचवतोयस?"