भेगा ठेवलेला लेप

विमानांची इंजिनं अजून माणसांशी बोलत होती, तेव्हाची गोष्ट. कारखान्यातली सरूमावशी इंजिनाच्या पात्यांवर चिनीमातीसारखा पांढरा लेप चढवायची, आगीत पाती वितळू नयेत म्हणून.

एका नव्या पात्यानं तपासणीच्या भिंगातून स्वतःला पाहिलं आणि ते बिथरलंच. "मावशी, हे काय! जिकडेतिकडे बारीक भेगा! तुझी चहाची कपबशी बघ, कशी गुळगुळीत आहे."

"त्या भेगा मीच ठेवल्यात, बाळा," मावशी म्हणाली. "तू तापलंस की फुगणार. लेप तुझ्याइतका फुगत नाही. त्याला हलायला जागा नको?"

"असला फुटका लेप मला नको. घट्ट हवा."

पातं ऐकेचना. शेवटी मावशीनं एकही भेग न ठेवता नवा लेप चढवला. "पण आधी चाचणीच्या भट्टीत जा," ती म्हणाली. "विमानात माणसं बसतात."

भट्टीत त्याच्या शेजारी भेगांच्या लेपाचं एक जुनं पातं होतं. आच वाढली तशी दोन्ही पाती फुगली. जुन्याच्या भेगा किंचित रुंदावल्या आणि भट्टी निवल्यावर पुन्हा मिटल्या. नव्याचा लेप मात्र तडतडला, त्याचे पापुद्रे गळून पडले आणि उघड्या पात्याची कड लालबुंद होऊन मुडपली.

मावशीनं नवं पातं उचललं, तेव्हा खाली पडलेला एक पापुद्रा रडवेल्या आवाजात म्हणाला, "मी तर तुला जिवापाड घट्ट धरलं होतं रे."

"तुझं काही चुकलं नाही," पातं हळूच म्हणालं. "तसं मीच सांगितलं होतं."